श्मेलिंगला काय दिसलं होतं?

जागेवर उभे राहा. डावा पाय थोडा पुढे घ्या, दोन्ही मुठी हनुवटीच्या उंचीवर धरा. आता डावा हात सरळ पुढे फेका आणि मागे घ्या. मागे घेताना मूठ कुठून आली ते नीट बघा. ज्या वाटेने गेली त्याच वाटेने हनुवटीपाशी परत आली असेल तर तुमची सवय चांगली आहे. बहुतेकांची मूठ मात्र परतताना खाली छातीपर्यंत उतरते आणि मग वर चढते. तेवढ्या वेळात चेहऱ्याची डावी बाजू सताड उघडी राहते आणि समोरच्याचा उजवा हात नेमका तिथेच पोहोचतो.

मॅक्स श्मेलिंग या जर्मन मुष्टियोद्ध्याचं नाव आज घेतलं जातं ते त्या क्षणभराच्या उघड्या जागेमुळे. १९३६ साली त्याने जो लुईसच्या डाव्या हातातली ही खोट हेरली आणि ज्याला कोणी हरवू शकत नाही असं अख्खी अमेरिका म्हणत होती त्याला झोपवलं. दोन वर्षांनी त्याच लुईसने त्याला १२४ सेकंदांत संपवलं. सहसा गोष्ट एवढीच सांगतात: एक जर्मन, एक कृष्णवर्णीय अमेरिकन, मागे हिटलर आणि पुढे महायुद्ध. पण या दोन लढतींच्या अलीकडे-पलीकडे जे आहे ते कळल्याशिवाय या माणसाचा उलगडा होत नाही. त्यात खेळ आहे, धंदा आहे आणि राजकारण आहे, आणि तिन्हींचा गुंता झालेला आहे. तो एकेक धागा धरून सोडवू.

आधी शब्दांचा एक घोळ मिटवतो. मराठीत पंच म्हणजे निवाडा करणारा, आणि बॉक्सिंगमध्ये पंच म्हणजे मुठीचा मार. म्हणून इथे माराला ठोसा म्हणतो, आणि रिंगमध्ये दोघांच्या मध्ये उभा असतो त्याला रेफरी.

श्मेलिंगचा जन्म २८ सप्टेंबर १९०५ चा, ईशान्य जर्मनीतल्या क्लाइन लुको नावाच्या खेड्यातला. वडील जहाजावर नोकरीला, त्यामुळे बालपण हॅम्बुर्ग या बंदराच्या शहरात गेलं. जर्मनीत तेव्हा बॉक्सिंग हा जुना, रुजलेला खेळ नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत व्यावसायिक सामन्यांवर बंदीच होती. युद्धात इंग्रजांच्या कैदेत पडलेले काही जर्मन तिथल्या छावण्यांमध्ये हा खेळ शिकून आले आणि मग तो पसरला. म्हणजे आपल्याकडे तालमीत जसा वस्ताद असतो, त्याच्या मागे त्याचा वस्ताद असतो, तशी परंपराच तिथे नव्हती. वडिलांनी पोराला एकदा सिनेमागृहात नेलं आणि १९२१ ची तेव्हाचा हेवीवेट जगज्जेता जॅक डेम्प्सी विरुद्ध जॉर्ज कार्पांतिए ही लढत पडद्यावर दाखवली. पोरगं त्या खेळाच्या प्रेमात पडलं ते कायमचं. बॉक्सिंगशी त्याची खरी ओळख झाली ती सिनेमाच्या फितीतून, आणि फीत बघून शिकायची ही खोड त्याला पुढे फार उपयोगी पडली.

१९२४ साली तो व्यावसायिक झाला. पुढच्याच वर्षी खुद्द डेम्प्सी जर्मनीत आला तेव्हा त्याच्यासोबत दोन फेऱ्या प्रदर्शनीय खेळायची संधी मिळाली. ऑगस्ट १९२६ मध्ये त्याने मॅक्स डीकमानला पहिल्याच फेरीत पाडून जर्मनीचं लाइट हेवीवेट विजेतेपद मिळवलं. १९२७ मध्ये डॉर्टमुंडला बेल्जियमच्या फर्नांड दलार्जला हरवून युरोपचं मिळवलं. १९२८ मध्ये फ्रान्झ डीनरला १५ फेऱ्यांत गुणांवर, म्हणजे परीक्षकांच्या कौलाने, हरवून जर्मनीचं हेवीवेट विजेतेपदही घेतलं.

हे वजनी गट समजायला सोपे आहेत. लाइट हेवीवेटची मर्यादा १७५ पौंड, म्हणजे साधारण ७९ किलो. त्या काळी त्याच्या वरचे सगळे हेवीवेट, वरची मर्यादाच नाही. १९३६ साली श्मेलिंगचं वजन १९२ पौंड भरलं आणि लुईसचं १९८. आजच्या गटांप्रमाणे दोघंही हेवीवेटमध्ये बसले नसते, २०० पौंडांपर्यंतच्या क्रूझरवेट गटात गेले असते. जुन्या छायाचित्रांत हे दोघे आजच्या हेवीवेटच्या मानाने सडपातळ दिसतात ते यामुळेच.

बर्लिनमध्ये श्मेलिंगची ऊठबस फक्त खेळाडूंत नव्हती. चित्रकार, शिल्पकार, नट, लेखक यांच्या बैठकीत तो असायचा. गेऑर्ग ग्रोसने त्याचं चित्र काढलं. रुडॉल्फ बेलिंगने १९२९ मध्ये त्याचं शिल्प केलं. या शिल्पाची पुढची हकीकत त्या काळाबद्दल बरंच सांगून जाते. १९३७ साली नाझींनी म्युनिकमध्ये दोन प्रदर्शनं भरवली: एक सरकारमान्य ‘थोर जर्मन कला’ दाखवणारं आणि दुसरं ‘अधःपतित कला’ म्हणून नव्या कलाकारांची टिंगल करणारं. बेलिंगची काही कामं टिंगलीच्या प्रदर्शनात ठेवली गेली आणि त्याच बेलिंगने केलेला मुष्टियोद्धा श्मेलिंग मान्यवर प्रदर्शनात! शिल्पकार हीन आणि त्याने घडवलेला खेळाडू थोर. श्मेलिंगभोवतीची माणसं आणि श्मेलिंग यांच्या वाटा कशा फाटत गेल्या, याचं याहून नेमकं उदाहरण मला सापडलेलं नाही.

पैसा आणि जगज्जेतेपद दोन्ही अमेरिकेत होतं, म्हणून १९२८ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. तिथे त्याला कळलं की ठोसे मारता येणं ही निम्मीच गोष्ट आहे. कोण कोणाशी लढणार, कधी, कुठे आणि किती पैशांत, हे मॅनेजर आणि प्रमोटर ठरवतात. मॅनेजर खेळाडूचा माणूस, तो सौदा करतो. प्रमोटर सामना भरवतो, तिकिटं विकतो, नफा-तोटा त्याचा. श्मेलिंगचा जर्मन मॅनेजर आर्थर ब्यूलो या बाजारात कमी पडला. त्याची जागा घेतली जो जेकब्स या न्यूयॉर्कच्या ज्यू माणसाने: बुटका, बडबड्या, तोंडात कायम चिरूट. श्मेलिंग जितका शांत तितका हा वाचाळ, आणि म्हणूनच जोडी जमली. फेब्रुवारी १९२९ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जॉनी रिस्कोला आणि जूनमध्ये यांकी स्टेडियमवर स्पेनच्या पाउलिनो उस्कुदुनला त्याने हरवलं आणि तो जगज्जेतेपदाच्या दारात येऊन उभा राहिला.

विजेता जीन टनी १९२८ मध्येच निवृत्त झाल्यामुळे पद रिकामं होतं. १२ जून १९३० रोजी यांकी स्टेडियमवर सुमारे ८० हजार लोकांपुढे श्मेलिंग आणि जॅक शार्की त्यासाठी उभे राहिले. पहिल्या तीन फेऱ्यांत शार्की वरचढ होता. चौथ्या फेरीत त्याचा ठोसा कंबरेच्या खाली बसला आणि श्मेलिंग जांघ धरून कोसळला. बॉक्सिंगमध्ये पट्ट्याच्या खाली मारायला सक्त मनाई आहे. रेफरीला नीट दिसलं नव्हतं. जेकब्स ‘फाउल, फाउल’ ओरडत रिंगमध्ये शिरला. गोंधळात एका जजने आपल्याला फाउल दिसल्याचं सांगितलं आणि शार्की बाद झाला. जमिनीवर वेदनेने कळवळणारा माणूस हेवीवेटचा जगज्जेता ठरला. समोरचा बाद झाल्यामुळे हे पद मिळवणारा श्मेलिंग हा पहिलाच.

जर्मनीतसुद्धा या विजयाची थट्टा झाली. बसून जिंकलेला विजेता, असं लोक म्हणत. त्यातून शार्कीशी लगेच दुसरी लढत न केल्यामुळे न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगाने त्याची मान्यता काढून घेतली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बॉक्सिंगला क्रिकेटसारखी एकच सर्वोच्च संस्था तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. न्यूयॉर्कचा आयोग एक म्हणणार, इतर राज्यांची संघटना दुसरंच. त्यामुळे १९३१ मध्ये श्मेलिंग काही राज्यांत विजेता होता आणि न्यूयॉर्कमध्ये नव्हता. त्याने उत्तर दिलं ते मुठीने: ३ जुलै १९३१ रोजी क्लीव्हलंडला यंग स्ट्रिबलिंगला १५ व्या, म्हणजे शेवटच्या फेरीत, अवघे काही सेकंद उरले असताना थांबवलं. त्यानंतर मात्र त्याच्या विजेतेपदावर कोणी फारशी कुरकुर केली नाही.

मग जून १९३२ मध्ये शार्कीशी दुसरी लढत झाली. या वेळी लढत १५ फेऱ्या चालली आणि निकाल गुणांवर लागला. तिघा परीक्षकांपैकी दोघांनी शार्कीला कौल दिला, एकाने श्मेलिंगला. पाहणाऱ्यांपैकी अनेकांच्या मते श्मेलिंगच जिंकला होता. जेकब्स मायक्रोफोनवर ‘आम्हाला लुटलं’ असं ओरडला, आणि त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतलं ते वाक्य तिथल्या भाषेत म्हणीसारखं रुळलं. श्मेलिंगला फुकटात मिळालेलं पद असं हिशेब चुकता झाल्यासारखं गेलं.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि इथून श्मेलिंगची प्रत्येक लढत दोन ठिकाणी होऊ लागली, एक रिंगमध्ये आणि एक वर्तमानपत्रात. जूनमध्ये न्यूयॉर्कला मॅक्स बेअर त्याच्यापुढे उतरला तो चड्डीवर डेव्हिडचा तारा, म्हणजे ज्यूंचं चिन्ह, शिवून. बेअरने दहाव्या फेरीत त्याला हरवलं. पुढच्या महिन्यात श्मेलिंगने चेक अभिनेत्री आनी ओंड्राशी लग्न केलं. हे लग्न जवळपास चोपन्न वर्षं, तिच्या मृत्यूपर्यंत टिकलं. १९३४ मध्ये स्टीव्ह हॅमसने त्याला हरवलं, बार्सिलोनाला उस्कुदुनशी बरोबरी झाली, आणि अमेरिकन वर्तमानपत्रांनी त्याला मोडीत काढलं. हॅम्बुर्गला मात्र ऑगस्टमध्ये वाल्टर नॉइझेलविरुद्धची त्याची लढत बघायला जवळपास एक लाख माणसं जमली. मार्च १९३५ मध्ये तिथेच त्याने हॅमसचा हिशेब चुकता केला.

त्या हॅमसच्या लढतीनंतर राष्ट्रगीत सुरू झालं आणि हजारो हात नाझी सलामीसाठी वर गेले. रिंगमध्ये श्मेलिंगशेजारी जेकब्स उभा होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आपलाही हात वर केला. त्या हातात चिरूट होती. हे छायाचित्र छापून आलं तेव्हा अमेरिकेतले ज्यू चिडले आणि जर्मनीतले नाझीही. श्मेलिंगला निरोप आला की हा ज्यू मॅनेजर सोड. त्याने नकार दिला. थेट हिटलरला भेटून, मला न्यूयॉर्कमध्ये जेकब्सवाचून काम करता येत नाही, असं सांगितल्याची आठवण त्याने पुढे नोंदवली आहे. तो नाझी पक्षाचा सदस्यही कधी झाला नाही.

पण तिथेच थांबलो तर अर्धवट चित्र उभं राहील. १९३५ च्या अखेरीस हाच श्मेलिंग अमेरिकन ऑलिम्पिक समितीकडे आश्वासन घेऊन गेला की बर्लिनच्या स्पर्धेत कृष्णवर्णीय आणि ज्यू खेळाडूंना चांगली वागणूक मिळेल. अमेरिकेत बहिष्काराची मागणी जोरात होती आणि नाझींना ती मोडून काढायची होती. अशा वेळी जगाला माहीत असलेला, ज्यू मॅनेजर बाळगणारा, सभ्य चेहरा त्यांच्या किती कामाचा होता हे सांगायला नको. श्मेलिंगने तो वापरू दिला. इथे मला त्याची बाजू घेता येत नाही. त्याच्या बर्लिनमधल्या मित्रांपैकी कोण परागंदा झाले, कोणाची चित्रं भिंतींवरून उतरवली गेली, हे त्याच्या डोळ्यांसमोर घडत होतं. रिंगमध्ये वाट बघत राहणं ही त्याची ताकद होती. रिंगबाहेर तो वर्षानुवर्षं वाट बघत राहिला, आणि तिथे वाट बघण्याचा अर्थ वेगळा होता.

आता लुईस. जो लुईस अलाबामात जन्मलेला, डेट्रॉइटमध्ये वाढलेला, आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. वय २२, एकही हार नाही. डिसेंबर १९३५ मध्ये त्याने न्यूयॉर्कला उस्कुदुनला चौथ्या फेरीत झोपवलं. श्मेलिंग ती लढत रिंगच्या कडेला बसून बघत होता. तो स्वतः उस्कुदुनशी तीनदा लढला होता आणि एकदाही त्याला पाडू शकला नव्हता. दुसरा कोणी असता तर तिथेच धसका घेतला असता. श्मेलिंगने लुईसच्या लढतींच्या फिती मिळवल्या, त्या सावकाश लावून पुनःपुन्हा पाहिल्या आणि पत्रकारांना सांगितलं की मला काहीतरी दिसलं आहे. काय दिसलं ते काही सांगितलं नाही. लोक हसले. सट्टेबाजांचा भाव लुईसकडे दहास एक होता.

त्याला दिसली होती तीच सुरुवातीची गोष्ट. लुईसचा डावा सरळ ठोसा, ज्याला जॅब म्हणतात, जगात उत्तम होता. जॅब हा बॉक्सिंगचा पाया आहे. त्याने अंतर मोजता येतं, समोरच्याचा तोल बिघडवता येतो आणि मागून येणाऱ्या उजव्यासाठी वाट मोकळी करता येते. पण जॅब मारून हात मागे घेताना लुईस तो खाली आणायचा. आजवर कोणाला त्याचा फायदा घेता आला नव्हता, कारण जॅब खाल्ल्यावर समोरचा मागे सरायचा आणि मागे सरलेल्या माणसाचा उजवा हात पोहोचत नाही. म्हणजे खोट पकडायची तर जॅबची किंमत मोजायला हवी. जागा सोडायची नाही, ठोसा तोंडावर घ्यायचा आणि तो हात परत जात असताना त्याच्या वरून आपला उजवा सोडायचा. नुसतं दिसून भागत नाही. दिसलेल्यावर विश्वास ठेवून मार खात उभं राहावं लागतं.

१९ जून १९३६. पावसामुळे लढत एक दिवस पुढे गेली होती. यांकी स्टेडियमवर सुमारे ४० हजार प्रेक्षक होते. पहिल्या तीन फेऱ्यांत श्मेलिंगने लुईसचे जॅब तोंडावर झेलले आणि त्याचा डोळा सुजून बंद होत आला. चौथ्या फेरीत लुईसचा डावा हात खाली गेला आणि श्मेलिंगचा उजवा बसला. लुईस आयुष्यात पहिल्यांदा व्यावसायिक रिंगमध्ये खाली बसला. लगेच उठला खरा, पण तिथून पुढे त्याला सूर सापडला नाही. त्यानंतर आठ फेऱ्या हाच डाव पुनःपुन्हा चालला. मी त्या लढतीचं चित्रीकरण अनेकदा पाहिलं आहे. अंगावर येतं ते त्यातलं सातत्य. लुईसचा गाल सुजत जातो, पाय जड होतात आणि तरी डावा हात सवयीने खालीच येत राहतो. शरीराला लागलेली सवय मार खातानाही सुटत नाही. बाराव्या फेरीत तो पडला तो उठला नाही.

बर्लिनमध्ये तेव्हा पहाट होती. आनी ओंड्रा ती लढत रेडिओवर ऐकत बसली होती ती प्रचारमंत्री गोबेल्सच्या घरी. श्मेलिंग हिंडेनबर्ग या अवाढव्य हवाई जहाजातून परतला. हिटलरने त्याला, बायकोला आणि आईला बोलावून घेतलं. लढतीचं चित्रीकरण ‘श्मेलिंगचा विजय, जर्मनीचा विजय’ अशा अर्थाच्या नावाने देशभर दाखवलं गेलं. हाताची एक खोट ओळखणाऱ्या माणसाच्या चिकाटीचा वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा करण्यात आला. सगळ्यांत खिन्न करणारा भाग हा की ती लढत खेळ म्हणून खरोखरच अप्रतिम होती.

नियमाने आता श्मेलिंगला तेव्हाचा जगज्जेता जेम्स ब्रॅडॉकशी लढायला मिळायला हवं होतं. करार झाला, ३ जून १९३७ ही तारीख ठरली. पण ब्रॅडॉकच्या मॅनेजरने हिशेब मांडला. नाझीविरोधी संघटनांनी बहिष्काराचा इशारा दिला होता, म्हणजे तिकिटं खपणार नाहीत. शिवाय श्मेलिंग जिंकला तर विजेतेपद हिटलरच्या जर्मनीत जाईल आणि परत कधी येईल याचा नेम नाही. उलट लुईसशी लढलं तर गर्दी नक्की. त्याने लुईसच्या प्रमोटरकडून पुढच्या दहा वर्षांच्या हेवीवेट सामन्यांच्या नफ्यात दहा टक्के वाटा मागून घेतला आणि ब्रॅडॉक शिकागोला लुईसपुढे उभा राहिला. आठव्या फेरीत लुईस जगज्जेता झाला. इकडे श्मेलिंग ठरल्या तारखेला न्यूयॉर्कमध्ये वजन द्यायला हजर झाला होता, प्रतिस्पर्धी येणार नाही हे माहीत असूनही. खेळाडू म्हणून त्याच्यावर अन्याय झाला यात शंका नाही. आणि ज्या राजवटीच्या छायेमुळे तो झाला तिला विरोध करणारे चुकले होते, असंही मला म्हणवत नाही.

लुईसने पदक-पट्ट्यांची पर्वा केली नाही. श्मेलिंगला हरवेपर्यंत मला विजेता म्हणू नका, असं तो सांगत होता. २२ जून १९३८ ला पुन्हा यांकी स्टेडियम, सत्तर हजार प्रेक्षक. ऑस्ट्रिया जर्मनीने गिळून तीन महिने झाले होते. श्मेलिंग रिंगकडे जाताना लोकांनी केळीच्या साली आणि कागदाचे बोळे फेकले. त्याने टॉवेल डोक्यावर ओढून घेतला.

लुईसने दोन वर्षांत दोन गोष्टी बदलल्या होत्या. एक म्हणजे डावा हात आता वरच्या वर परत येत होता. दुसरी जास्त महत्त्वाची. त्याला कळलं होतं की श्मेलिंगला बघायला वेळ लागतो. तो दोन-तीन फेऱ्या माप घेतो आणि मग मारतो. तर हा वेळच द्यायचा नाही. घंटा वाजताच लुईस त्याच्यावर तुटून पडला. दोरखंडाला टेकलेला श्मेलिंग मार चुकवायला वळला आणि लुईसचा उजवा त्याच्या बाजूवर, पाठीच्या कडेला बसला. कण्याच्या मणक्याचा एक भाग मोडला. त्याची किंचाळी पुढच्या रांगांपर्यंत ऐकू गेली. तीनदा तो खाली गेला. त्याचा प्रशिक्षक मॅक्स माखोनने शरणागतीचा टॉवेल रिंगमध्ये टाकला. न्यूयॉर्कच्या नियमांत टॉवेलला अर्थ नव्हता, म्हणून रेफरी आर्थर डोनोव्हनने तो उचलून भिरकावला, पण श्मेलिंगकडे एक नजर टाकून स्वतःच लढत थांबवली. दोन मिनिटं आणि चार सेकंद. श्मेलिंगचे ठोसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते.

न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत लोक रात्रभर रस्त्यावर नाचले. श्मेलिंग इस्पितळातून बाहेर पडून जहाजाने घरी गेला आणि या वेळी स्वागताला मिरवणूक नव्हती. हरलो याचं आता जवळजवळ बरंच वाटतं, असं त्याने म्हातारपणी सांगितलं होतं. जिंकलो असतो तर नाझींनी पदक दिलं असतं आणि युद्धानंतर मी गुन्हेगार ठरलो असतो.

१९३९ मध्ये स्टुटगार्टला त्याने आडोल्फ हॉइझरला ७१ सेकंदांत पाडून युरोपचं हेवीवेट विजेतेपद मिळवलं. मग युद्ध सुरू झालं आणि चौतिशी ओलांडलेल्या या माणसाला हवाई छत्रीधारी तुकडीत घातलं. मे १९४१ मध्ये क्रीट बेटावर त्याने उडी घेतली, तिथे तो जायबंदी झाला आणि त्याच्या मृत्यूच्या खोट्या बातम्याही पसरल्या. युद्ध संपलं तेव्हा पूर्वेकडचा जमीनजुमला सगळा गेलेला होता. पैशांसाठी तो ४२ व्या वर्षी पुन्हा रिंगमध्ये उतरला, पाच लढती खेळला, त्यांतल्या दोन हरला आणि ऑक्टोबर १९४८ मध्ये बर्लिनला रिचर्ड फोग्टकडून हरल्यावर हातमोजे उतरवले ते कायमचे. एकूण ७० लढती, ५६ विजय, त्यातले ४० नॉकआउट, १० पराभव, ४ बरोबरीत.

पुढे नशिबाने साथ दिली ती जुन्या ओळखीतून. न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगाचा एके काळचा अध्यक्ष जेम्स फार्ली आता कोका-कोलाच्या परदेशी व्यवसायाचा मोठा अधिकारी होता. त्याच्यामुळे १९५७ मध्ये श्मेलिंगला हॅम्बुर्ग भागाचा व्यवसाय मिळाला आणि तो श्रीमंत झाला. लुईसचं उलट झालं. युद्धाच्या काळात त्याने लढतींची कमाई लष्कर आणि नौदलाच्या मदतनिधीला दिली होती, तरी करखात्याची थकबाकी त्याच्या मानगुटीवर बसली ती उतरलीच नाही. १९५४ मध्ये श्मेलिंग अमेरिकेत गेला तेव्हा लुईसला शोधत त्याच्या घरी पोहोचला. दोघांची मैत्री झाली, श्मेलिंगने गाजावाजा न करता पैशांची मदत केली, आणि १९८१ मध्ये लुईस गेला तेव्हा अंत्यविधीच्या खर्चाचा वाटाही उचलला.

एक गोष्ट मात्र जगाला १९८९ पर्यंत माहीत नव्हती. लास व्हेगासमध्ये श्मेलिंगच्या सन्मानार्थ एक जेवण होतं. तिथे हॉटेल व्यवसायात नाव कमावलेला हेन्री लेविन उठून बोलू लागला. त्याचे वडील डेव्हिड लेविन बर्लिनमधले ज्यू कापडव्यापारी, श्मेलिंगचे मित्र. नोव्हेंबर १९३८ मध्ये, लुईसकडून हरून पाच महिनेही झाले नव्हते तेव्हा, जर्मनीभर एका रात्रीत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळले गेले, ज्यूंची दुकानं फोडली गेली, हजारो पुरुषांना धरून नेलं. डेव्हिड लेविनने आपली किशोरवयीन मुलं, हेन्री आणि वेर्नर, श्मेलिंगकडे सोपवली. श्मेलिंगने त्यांना एक्सेल्सिओर हॉटेलातल्या आपल्या खोलीत ठेवलं, खाली काउंटरवर सांगितलं की मी आजारी आहे, कोणालाही वर पाठवू नका, आणि दंगल निवेपर्यंत काही दिवस त्या खोलीत त्यांच्यासोबत राहिला. पुढे ती मुलं देशाबाहेर निसटली. नाझींच्या हाती ही गोष्ट लागली असती तर त्याच्या नावाचा, प्रसिद्धीचा काहीही उपयोग झाला नसता, आणि त्या वेळी तर तो हरलेला, राजवटीच्या मर्जीतून उतरलेला माणूस होता.

पन्नास वर्षांत श्मेलिंगने हे जाहीरपणे कुठे सांगितलं नव्हतं. लेविन बोलत असताना ८३ वर्षांच्या त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आपला असा गौरव झालेला आपल्याला आवडत नाही, एवढंच तो म्हणाला. तो पुढे आणखी सोळा वर्षं जगला आणि २ फेब्रुवारी २००५ रोजी, शंभरीला काही महिने असताना गेला. हॅम्बुर्गजवळच्या होलेनश्टेटच्या दफनभूमीत तो आनीशेजारी आहे.